तीन पातेली पाणी

ओंकारने फोन पुढे केला आणि भालचंद्ररावांना फ्लेक्सवर आधी नलिनीच दिसली. उजव्या कोपऱ्यात, चष्मा लावलेली, शाळेतून निवृत्त झाली त्या दिवशीची. डावीकडे हात जोडून उभा ओंकार. मधे मोठ्या अक्षरांत हिंदीत, 'नलिनी मॅडम का सपना, साफ पानी हो अपना.' वर नेत्यांचे पाच गोल चेहरे.

“कसा वाटतोय, काका?”

“तिला एवढी गोरी का केली आहे?”

“मी म्हटलं होतं फ्लेक्सवाल्याला, भाई, फिल्टर मत मार, मॅडम ओरडतील. तरी मारलाच.”

भालचंद्रराव हसले. बायको नलिनी गेल्यावर वर्षभरात त्यांना हसवू शकणारा हा एकच माणूस होता. ओंकार राजूरकर, वय सत्तावीस, समोरच्या गल्लीतला. वडील लहानपणीच गेले. आठवीपासून नलिनीने त्याला शिकवले, कॉलेजचा फॉर्म तिनेच भरला, आणि परीक्षेच्या दिवसांत तो जेवायलाही इथेच असे. आता पावसाळ्यानंतर निवडणूक होती आणि त्याला वॉर्डाचा पार्षद, म्हणजे नगरसेवक, व्हायचे होते. पक्षाचे निरीक्षक रविवारी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला येणार होते. माणसे किती जमतात, कोण काय बोलते, हे पाहून उमेदवारीचे टिकट ठरणार होते.

“दोनच मिनिटं बोला, काका. ओंकार आमच्या नलिनीच्या हाताखाली तयार झाला, एवढंच. लिहून देऊ?”

“चाळीस वर्षं कारखान्यात माल तपासला आहे मी. पास किंवा रिजेक्ट, एवढं बोलता येतं.”

“मग मला पास करा ना, काका.”

“केलंय केव्हाच,” भालचंद्रराव म्हणाले. नलिनीचा मोठा फ्रेमचा फोटोही त्यांनी भिंतीवरून काढून त्याच्या हातात दिला. स्टेजवर ठेवायचा होता.

सुदर्शन नगर गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांच्या मागे आहे. साठेक घरे मराठी. कोणी नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर आलेले, कोणी भालचंद्रराव वझलवारांसारखे कारखान्यात लागलेले. पाण्याची जुनी लाइन नाल्याला चिकटून जाते आणि ती जागोजागी फुटकी आहे. नळ बंद झाला की पाइप नाल्यातले पाणी आत ओढतो. हे सगळ्यांना ठाऊक होते आणि सगळे म्हणत, चलता है. नलिनीला ते चालले नाही. निवृत्त झाली आणि तिने तपासणीच्या बाटल्या आणल्या. बोटाएवढी काचेची बाटली, आत औषध. खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावायचे, दोन दिवस ठेवायचे. पाण्यात मैल्याचे जंतू असले तर बाटली शाईसारखी काळी होते. नसले तर नाही.

तिने कॉलनीतली दहाबारा मुले जमवली आणि एकेकाला गल्ली वाटून दिली. बाटलीवर नंबर आणि तारीख टाकण्याचे काम भालचंद्ररावांचे. बाटली काळी झाली की त्या गल्लीच्या फळ्यावर लिहायचे, ‘पाणी उकळा’. नियम एकच होता. बाटली काळी झाली तर सांगायचे, मग घरात लग्न असो की मयत.

ओंकार त्या मुलांत सगळ्यांत हुशार. चार इमलीतल्या सरकारी साहेबांच्या बंगल्यावर निवेदन द्यायला नलिनी त्यालाच पुढे करी. “तू बोल, ओम्या. मी बोलले की ते बाकावर उभे राहतात.” त्याला बोलता येऊ लागले. मग फोटो येऊ लागले. मग जीपमधून फिरणारी माणसे त्याला नावाने ओळखू लागली. नलिनीला त्याचा अभिमान होता. म्हणायची, “आपल्यातला एक तरी खुर्चीत बसू दे. किती दिवस खुर्चीसमोर उभं राहायचं?”

गेल्या वर्षी चैत्रात हळदीकुंकू पहिल्यांदाच कॉलनीच्या हॉलमधे झाले. दोनशे बायका, आंब्याची डाळ, ओले हरभरे, पन्हे. एका मोठ्या नेत्याची पत्नी, सगळे तिला भाभीजी म्हणत, ती पाहुणी म्हणून येणार होती, आणि तिला आणणारा ओंकार. हॉलच्या टाकीची बाटली दोन दिवस आधी भरली होती. नंबर त्रेसष्ट. हॉलची किल्ली ओंकारकडे म्हणून बाटलीही त्याच्याकडे. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नलिनीने भालचंद्ररावांच्या समोर फोन लावला.

“ओम्या, त्रेसष्टचं काय?”

“क्लियर, काकू. एकदम क्लियर.”

नलिनीने स्वतःच्या हाताने पन्हे कालवले.

मेच्या मध्यावर तिचे डोळे पिवळे झाले. कॉलनीत अकरा जणांना कावीळ झाली. दहा उठले. नलिनीला मधुमेह होता, लिव्हर आधीच कमजोर होते. एकोणीस दिवसांत ती गेली. डॉक्टर म्हणाले, “हे आत्ताचं पाणी नाही. पाचसहा आठवडे मागे जा.”

भालचंद्रराव मागे गेले. रोज जात राहिले. घरात दोन भांडी होती, उकळलेल्या पाण्याची पितळी कळशी आणि बिनउकळलेल्याचे स्टीलचे पिंप. हळदीकुंकवाचे पाणी तर तपासलेले होते. मग राहिले घर. आणि घरात एक संध्याकाळ होती, एप्रिलमधलीच. वीज गेलेली, नलिनी म्हणाली गोळीसाठी पाणी द्या, आणि त्यांनी अंधारात चाचपडत ग्लास भरून दिला होता. कळशीतून की पिंपातून? आठवत नव्हते. जितके आठवायला जावे तितके पिंपच हाताला लागे.

हे त्यांनी एकाच माणसाला सांगितले होते. तेराव्याची माणसे गेल्यावर, मागच्या ओट्यावर, ओंकारला. सांगताना ते लहान मुलासारखे रडले. ओंकारने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. “काका, मनाला लावून घेऊ नका. चूक कुणाकडूनही होते.” त्या शब्दांवर त्यांनी वर्ष काढले.

गुरुवारी दुपारी ओंकारची आई आली. सुमित्राताईंच्या पिशवीत पाच किलो कैऱ्या होत्या.

“भाऊजी, नलिनीताईंचं पन्ह्याचं प्रमाण हवं होतं. माझं दरवेळी आंबट होतं.”

“गुळाच्या डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवलेला आहे. बघा.”

सुमित्राताईंनी झाकण उघडले, चष्मा वर करून वाचले आणि थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. “अक्षर बघा बाईचं. मोत्यासारखं.” मग पाटावर बसल्या. त्यांना अजून काही बोलायचे होते.

“भाऊजी, पोर धड जेवत नाहीये. आठ दिवस झाले. तुम्ही रविवारी दोन शब्द चांगले बोला हं.”

“बोलणार आहे, वहिनी.”

“लोक म्हणतात, राजकारणात गेला, हातचा गेला. पण माझा ओंकार तसा नाही हो. गेल्या वर्षी बघा, भाभीजी येऊन बसलेल्या, माइक चालेना, ह्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. तरी माझ्याजवळ आला आणि भाभीजींच्या टेबलावरची सीलबंद बाटली माझ्या हातात दिली. म्हणे, आई, पन्ह्याला तोंड लावू नको, हेच पी. मी म्हटलं, अरे, नलिनीताईंनी केलंय, एक घोट तरी घेऊ दे. तर डोळे वटारले माझ्यावर!”

भालचंद्ररावांचा हात कैरीवर थांबला. “का म्हणाला, पिऊ नको?”

“म्हणे, तुला शुगर आहे.” सुमित्राताई हसल्या. “मला कुठली शुगर? शुगर नलिनीताईंना. मी म्हटलं, बाबा रे, घाईत तू माणसं बदललीस.”

त्या कैऱ्या घेऊन गेल्या. भालचंद्रराव पाटाकडे बघत बसले. नलिनीने त्या दिवशी अर्धाच ग्लास घेतला होता, शुगरमुळे. चव बघायला. ते समोरच उभे होते. ओंकारही होता.

चपला घालून ते निघाले.

ओंकारने घराच्या खालच्या खोलीत कार्यालय काढले होते. दोनचार पोरे फ्लेक्सच्या गुंडाळ्या बांधत होती. भालचंद्ररावांनी त्यांना बाहेर जायला सांगितले. ओंकारने खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

“त्रेसष्ट नंबरची बाटली काळी झाली होती का?”

ओंकारने एकदा दाराकडे पाहिले. “कोण काय बोललं, काका?”

“झाली होती का?”

“थोडी…”

“बाटली थोडी काळी होत नसते, ओंकार. पास किंवा रिजेक्ट.”

तो खाली बसला. मग एकदम बोलू लागला, जसा तो माइकवर बोले तसा नाही, अडखळत. “काका, सकाळी सात वाजता बघितली. अकराला भाभीजी येणार होत्या. पहिल्यांदा कुणी मोठं आपल्या कॉलनीत पाय ठेवत होतं. मी काय सांगणार त्यांना, आमच्या पाण्यात घाण आहे, घरी जा? आणि मला वाटलं, लोक रोज तेच पितात. काही होत नाही. चिंच, कैरी, आंबट असतं, जंतू मरत असतील…”

“तिने शिकवलं होतं तुला, मरतात का ते.”

ओंकार समोरची फ्लेक्सची गुंडाळी सरळ करू लागला.

“आईला बाटली दिलीस.”

“आई आहे माझी, काका.”

“आणि नलिनी समोर ग्लास घेऊन उभी होती.”

“भाभीजी शेजारी होत्या. सगळ्यांसमोर हातातून ग्लास काढून घेऊ?”

“घ्यायचा होतास.”

बाहेर पोरे हसत होती. ओंकारने डोळे पुसले आणि तो उभा राहिला. आता आवाज बदलला होता. “माझी चूक झाली. रोज मरतो मी त्याने. पण काका, नवी पाइपलाइन मंजूर कुणी करून आणली? तीन गल्ल्या खोदून झाल्या. काकू गेल्या म्हणूनच साहेब लोक हलले, हे मान्य करा. आता रविवारी तुम्ही काही बोललात तर माझं टिकट जाईल, आणि काम तिथंच थांबेल. पुढच्या वर्षी कुणी गेलं तर ते कुणाच्या माथी?”

भालचंद्ररावांना राग आला नाही. ते स्वतःला शोधत होते, राग कुठे आहे म्हणून. त्यांना फक्त तो मागचा ओटा दिसत होता.

“तेराव्याच्या दिवशी मी तुला पिंपाचं सांगितलं,” ते म्हणाले. “म्हटलं, मी माझ्या हाताने तिला मारलं. तुला तेव्हा माहीत होतं. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, चूक कुणाकडूनही होते.”

ओंकारने तोंड फिरवले.

“बाटली लपवलीस ते एका सकाळचं. हे वर्षभराचं आहे.”

ते घरी आले. पिंपाजवळ गेले आणि त्याच्या गार पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले. वर्षभर त्यांनी त्या पिंपाकडे नीट पाहिले नव्हते.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. पाइपलाइनचा विचार त्यांच्या मनातून जाईना. खोदकाम खरेच झाले होते, पाइप खरेच आले होते. नलिनी असती तर काय म्हणाली असती? म्हणाली असती, पाणी महत्त्वाचं, माझं नाव गेलं चुलीत. आणि लगेच म्हणाली असती, पण बाटली काळी झाली तर सांगायचं. दोन्ही तिचेच.

रविवारी सकाळी ते लवकर हॉलवर गेले. मागच्या अंगणात विटांच्या चुलींवर तीन मोठी पातेली उकळत होती. एक मुलगी, नलिनीचीच विद्यार्थिनी, लांब दांड्याच्या झाऱ्याने वरची राख काढत होती.

“काका, पहाटे पाचपासून उकळतोय. दादाने सांगितलंय, न उकळलेला थेंब वापरायचा नाही. आता गार करायला बर्फाच्या लाद्यांवर ठेवू.”

“किती पातेली लागतात?”

“तीन. दोनशे ग्लासांना तीन पुरतात.”

भालचंद्ररावांनी तिन्ही पातेल्यांकडे पाहिले. तीन. लाकडे, चार तास आणि एक फोन. एवढेच हवे होते गेल्या वर्षी. त्या क्षणी त्यांचे ठरले.

अकरा वाजता हॉल भरला. गौर झोपाळ्यात बसली होती. कोपऱ्यात खुर्चीवर नलिनीचा फोटो, हार घातलेला. निरीक्षक पहिल्या रांगेत, पांढऱ्या बुटांत. ओंकार पाहुण्यांचे स्वागत करत होता आणि मधूनमधून भालचंद्ररावांकडे बघत होता. त्याच्या नजरेत विनवणी होती. ती खोटी नव्हती, आणि त्यानेच जास्त वाईट वाटले.

नाव पुकारल्यावर ते माइकपाशी गेले. बायकांच्या हातांत पन्ह्याचे ग्लास नुकतेच आले होते.

“आजचं पन्हं उकळलेल्या पाण्याचं आहे,” ते म्हणाले. “मी स्वतः बघितलं. निःशंक प्या. पण गेल्या वर्षीचं तसं नव्हतं. हॉलच्या टाकीची बाटली काळी झाली होती. ओंकारला सकाळी सातला कळलं होतं. त्याने सांगितलं नाही. त्याच्या आईला पिऊ दिलं नाही, बाकी सगळ्यांना दिलं. अकरा जणांना कावीळ झाली आणि नलिनी गेली. पाइपलाइन त्याने आणली, तेही खरं आहे. ते त्याचं. नलिनीचं नाव त्याचं नाही. ते मी घरी घेऊन जातो.”

माइक मधेच कोणीतरी बंद केला, पण शेवटची रांग सोडली तर सगळ्यांनी ऐकले होते. त्यांनी फोटोचा हार काढला, तो गौरीपुढे ठेवला आणि फ्रेम काखेत घेतली.

मग कुणीतरी म्हणाले, “सणाच्या दिवशी हे काय?” कॉलनीच्या मंडळाचा अभिजीत पुढे आला. त्याच्या बायकोलाही गेल्या वर्षी कावीळ झाली होती. भालचंद्ररावांना वाटले, हा तरी काही बोलेल. तो हळूच म्हणाला, “काका, आमची गल्ली पाचवी आहे. आणखी एक महिना थांबला असतात तर?”

निरीक्षक फोन कानाला लावून उठले. ओंकार हातात ट्रे घेऊन तसाच उभा होता. ट्रेमधल्या एकाही ग्लासाला कोणी हात लावला नाही. दोनशे ग्लास पन्हे, चांगले उकळलेल्या पाण्याचे, नलिनीच्या प्रमाणाचे, तसेच राहिले. सुमित्राताई गौरीजवळ बसल्या होत्या. त्यांच्या हातातला करंडा उघडा होता आणि त्या मुलाकडे बघत होत्या, जसे अनोळखी माणसाकडे बघावे.

टिकट कोणाला मिळणार ते महिनाभर ठरले नाही. खोदकाम चौथ्या गल्लीच्या तोंडाशी थांबले. ठेकेदार म्हणाला, वरून पैसे अडले. कॉलनी म्हणाली, वझलवारांनी अडवले. दूधवाला सोडला तर कोणी दाराशी थांबेना. संध्याकाळी भालचंद्रराव फिरायला निघाले की बाकावरची माणसे वर्तमानपत्र उघडत. “सच्चाई का पुतला निकला घूमने,” कोणीतरी मागून म्हणाले. आवाज ओळखीचा होता. नलिनीने त्याच्या मुलीला दहावी पास करवली होती.

नलिनीचा फोटो पुन्हा भिंतीवर लागला. भालचंद्ररावांनी पिंप घासून कळशीच्या शेजारी ठेवले.

एका दुपारी कडी वाजली. सुमित्राताई होत्या. उन्हातून आल्याने चेहरा लाल झाला होता. त्या आत आल्या नाहीत. पदराखालून त्यांनी एक छोटी बाटली काढली, खुणेपर्यंत भरलेली.

“आमच्या नळाचं आहे, भाऊजी. नंबर टाकून ठेवता का?”

“वहिनी, ओंकारकडे पेटीभर बाटल्या आहेत. तो बघेल की.”

“त्यातलीच आणली आहे.” त्यांनी बाटली उंबऱ्यावर ठेवली. “पण काळी झाली की नाही, ते मला तुम्ही सांगा.”

भालचंद्ररावांनी पेन आणले. बाटली पुसली, नंबर टाकला, तारीख टाकली आणि खिडकीत ठेवली.

“दोन दिवस लागतात.”

“माहीत आहे,” सुमित्राताई म्हणाल्या. “तोवर उकळूनच पिते आहे. त्याच्यापासून वेगळं.”

त्या उन्हात परत निघाल्या. त्या गल्लीच्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत भालचंद्रराव दारात उभे राहिले.